वाघोबाच्या पलीकडचं रान

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. सांगायचं आहे, एवढंच.

मी बोईसरची. वडील सांगलीकडून इथल्या कारखान्यात आले. माझं काम म्हणजे डोंगराकडच्या रानात झाडांना कॅमेरे बांधायचे. समोरून जनावर गेलं की फोटो निघतो, त्यावरून कुठे काय उरलंय ते कळतं. ‘उरलंय’ हाच आमचा शब्द. रान एकसंध राहिलंय कुठे? मध्ये रस्ता, मध्ये खडीची खाण, मध्ये कुंपणं. एखाद्या तुकड्यातून भेकर नाहीसं होतं, मग साळिंदर, आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

अशाच एका तुकड्याच्या तोंडाशी वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. पलीकडे ओहोळ, मग दाट झाडी. पाड्यावरच्या जानीमावशीकडे मी जेवायला असायची. ती म्हणाली होती, “वाघोबाला नारल ठेव नि चल पोरी. आमी हाव ना संगती.”

मी एकटीच गेले. शहाणी ना मी! ओहोळापर्यंत पोचले, मागे वळले — तर माझ्याच बुटाच्या ठशावर बिबट्याचा पंजा उमटलेला. ताजा. म्हणजे तो माझ्या मागून...? परत कशी आले ते आठवत नाही. कॅमेरे मी दगडाच्या अलीकडेच, रस्त्यालगत बांधले.

घाबरणं हा काही गुन्हा नाही. तसं सांगितलं असतं तर ऑफिसातले साहेब हसले असते आणि कोणाला तरी सोबत दिलं असतं. पण मी काय सांगितलं? — मी म्हणाले, गावकरी वाघोबाच्या पुढे जाऊ देत नाहीत. श्रद्धा आहे त्यांची.

किती सहज निघालं तोंडातून! आणि पटलंही तितकंच सहज. आदिवासी पाडा, देव, बंदी — कोणी दुसरा प्रश्नच विचारला नाही. अलीकडच्या कॅमेऱ्यांत नुसती कुत्री आणि गुरं आली. तुकडा रिकामा ठरला, गाव आडमुठं ठरलं. खाण ओहोळाकडे सरकायला लागली तेव्हा त्या रानाच्या बाजूने दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. जानीमावशी मात्र बाजारात भेटली की विचारायची, “आमच्या रानात कवा येशील?” वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, म्हणतात. मी वाघोबाचंच नाव पुढे करून सुटले. वर्षानुवर्षं.

या हिवाळ्यात तो तुकडा मी स्वतः मागून घेतला. “गाव आता तयार झालंय,” असं सांगून — म्हणजे तेव्हाही खोटंच! मावशी आणि तिच्या सुना सोबत आल्या. नारळ फोडला आणि खोबरं चावत आम्ही ओहोळ ओलांडला.

परवा फोटो पाहिले. बिबट्या आहेच. आणि पिसोरी! सशाहून जरा मोठं, पांढऱ्या ठिपक्यांचं हरीण. इथून ते संपलं असं आम्हीच म्हणत होतो. मागोमाग पिल्लूसुद्धा. आता खाणीच्या परवानगीसाठी बैठक होईल तेव्हा ते रान रिकामं आहे असं कोणाला म्हणता येणार नाही. मला फार आनंद झालाय, खरंच फार.

मावशीला मोबाईलवर फोटो दाखवताना मला रडू आलं. ती हसली. “हाय ना? मंग! आमी कवा नाय बोललो?”

ती जनावरांबद्दल बोलत होती. बाकीचं तिला माहीतच नाही.

त्या गावाने मला कधीच नाही म्हटलं नव्हतं. ‘नाही’ माझं होतं — मी ते त्यांच्या तोंडी घातलं.