ऑस्ट्रेलियन बाभळीची खुर्ची

कुणाच्याही घरी गेले की नाना आधी टेबलाच्या खालून हात फिरवत. पाणी आलं, चहा आला, तरी हात टेबलाखालीच. "वरून सगळ्यांनाच पॉलिश असतं," म्हणायचे, "सुताराचं मन लागलं होतं का, ते खालून कळतं." खाली जळमटं तर नाहीत ना, या धास्तीनं घरची बाई अर्धमेली. तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेल. त्याला लोक आनंदानं बोलावतात, पण आधी जरा आवराआवर करून.

नाना मूळचे दोंडाईच्याकडचे. जळगावात पाइपांच्या कारखान्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारच्या आपल्या घराच्या ओसरीत रंधा, पटाशी, करवत मांडून बसले. मशीन एकही नाही. सागाला हात लावायचा नाही, हा दुसरा नेम. निलगिरी, सिल्व्हर ओक, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झाडं दूरदेशाहून आली, आपल्या बांधावर वाढली, आपल्याच विहिरीचं पाणी प्यायली. आणि आपण त्यांना एक तर चुलीत घालतो, नाही तर स्लॅबखाली टेकू देतो, याचा नानांना मनापासून राग होता. "पाहुणे म्हणून किती दिवस ठेवणार त्यांना?" असं मलाच दरडावून विचारत. जणू ती झाडं मीच लावली होती!

पण या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण अक्का, म्हणजे त्यांची बायको. अक्कांचे गुडघे गेले होते. जमिनीवर मांडी घालता येईना. प्लास्टिकच्या खुर्चीवरून एकदा घसरल्यामुळे तिचं नाव काढायची सोय नव्हती. मग त्या ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवत. ताट ओट्यावर, एक हात तव्याकडे. नानांना ते बघवत नसे. "घोडं खातं उभ्यानं," ते चिडून म्हणत. अक्का म्हणत, "मंग घोडं समजा."

पहिली खुर्ची निलगिरीची. लाकूड ताजं होतं आणि नानांना घाई होती. ते सुकताना पिळलं, तरी नानांनी रेटून सांधे बसवले. एप्रिलच्या एका दुपारी असा आवाज झाला की आम्हाला वाटलं सिलिंडरच उडाला. धावत गेलो. खुर्चीची पाठ उभी चिरली होती, नाना तिच्यासमोर डोक्याला हात लावून बसलेले, आणि अक्का हातात भाकरीचा तुकडा घेऊन दारात. "बाप रे," त्या म्हणाल्या, "मना जीव वाचना!"

दुसरी सिल्व्हर ओकची. काय देखणी! रंधा फिरला की लाकडावर चमकदार ठिपके उमटत, आणि वजन इतकं हलकं की अक्कांनी एका हातानं सरकवावी. पण निलगिरीचा धडाका ऐकल्यापासून त्यांचा विश्वास उडाला होता. एक पावसाळा जाऊ दे, मग बघू, म्हणाल्या. पावसाळा गेला. झाडताना त्यांना खुर्चीच्या पायाशी पांढरा भुसा सापडला. कीड लागली होती. "अहो, तुमनी खुर्ची ते पीठ दयस!" त्यांनी आतून हाक मारली. आपली खुर्ची पीठ दळते, हे नानांच्या फार जिव्हारी लागलं.

मग असोद्याला माझ्या मावसभावाच्या केळीच्या मळ्यात वादळानं एक ऑस्ट्रेलियन बाभूळ आडवी झाली. मी सांगितलं मात्र, नाना माझ्या मोटरसायकलवर मागे बसलेसुद्धा. बुंध्याला हात लावून कितीतरी वेळ उभे राहिले. आतला तपकिरी गाभा दिसल्यावर म्हणाले, "या वेळी घाई नाही." फळ्या चिरून आणल्या, टोकं चटकन सुकून तडकू नयेत म्हणून त्यांना उरलेला ऑइलपेंट फासला आणि मध्ये काड्या ठेवून त्या पलंगाखाली रचल्या. उन्हाळा गेला, पाऊस गेला. मी विचारी, नाना फळीवर बोट टकटक करत आणि मान हलवत. "पाणी आहे अजून." तिकडे अक्का उभ्यानंच जेवत होत्या, आणि हा माणूस पलंगाखाली वाकून लाकूड ऐकत होता. मला कधीकधी त्यांचा राग यायचा.

अखेर खुर्ची झाली. उंची सुतळीनं अक्कांच्या गुडघ्यापर्यंत मोजून घेतलेली, बसायला सुती नवारीच्या विणलेल्या पट्ट्या. अक्कांनी आधी दोन्ही हातांनी दाबून पाहिली, मग बसल्या. "हालस नही," म्हणाल्या. नानांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. मला तर त्यांनी गल्लीतून हाताला धरून आणलं होतं; आता स्वतः ताट वाढून अक्कांच्या हातात दिलं. अक्कांनी दोन घास खाल्ले आणि मीठ घ्यायला उठल्या. बसल्या. पुन्हा तवा उतरवायला उठल्या.

"परत उठनी!" नाना ओरडले.

तो खेळ मग रोजचाच झाला. बेल वाजली, अक्का उठल्या. मांजर आलं, उठल्या. जन्मभराची सवय ती, एका खुर्चीनं कशी जाणार? "लाकूड सुकवलं," नाना मला म्हणाले, "हिचं काय करू?" तिनं एक जेवण, एकच, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत बसून जेवावं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्या हिवाळ्यात पहाटे झोपेतच नाना गेले. ते पाहायचं राहिलंच. मला त्याची अजून हळहळ वाटते.

परवा दुपारी काही द्यायला त्यांच्याकडे गेलो. अक्का जेवत होत्या, खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. मी आलो म्हणजे आता या उठणार, म्हणून मी घाईनं म्हणालो, "राहू द्या, राहू द्या." पण त्या हलल्याच नाहीत. गॅसवर दूध वर येत होतं.

"भाऊ, तेवढा गॅस बंद करा," त्या शांतपणे म्हणाल्या. "मनं जेवन चालू शे."

मी गॅस बंद केला. अक्कांनी पुढचा घास घेतला, मग त्याच्या पुढचा, आणि ताट स्वच्छ होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.