शुद्ध केलेला गंधार

तुम्ही कधी कुणाचा सूर 'दुरुस्त' केलाय का? मी केलाय, आणि तोही माझ्या सख्ख्या आत्याचा.

आमचं गाव नायगावच्या खाडीकाठी, भरतीचं पाणी शिरतं त्या खाजणाला लागून. खेळण्यांच्या आधी आमच्या घरात पत्रकं आली: खाजण वाचवा, पाणी आमच्या हक्काचं. त्याच जोशात मी आत्याची हळदीची गाणी पुस्तिकेत छापायला घेतली. ती 'पानी' म्हणते. एका मास्तरांनी 'पाणी करा' म्हटलं, तर मी तासभर भांडले. बोली आहे आमची, चूक नाही! 'न' तसाच छापला.

गाण्यांचे सूर मी संगणकावर लिहीत होते. आत्याचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो. स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तसा लिहिता येतो. सूर किती खाली उतरवायचा, तो आकडा प्रत्येक स्वराला द्यावा लागतो. मला ती सोय ठाऊक होती. पण गंधार ढीगभर होते, छपाई तोंडावर आली होती, आणि खरं सांगायचं तर तो मधला सूर मला थोडा कच्चाच वाटला. मी सगळे शुद्ध करून टाकले. सॉफ्टवेअरने वाजवलेली चाल गावातल्या मुलींना मोबाइलवर पाठवली.

पुढच्याच लग्नात हळद दळताना आत्याने गाणं उचललं. मुली मोबाइलबरोबर गात होत्या. दोन सूर एकमेकांवर घासले.

"आजी, तुमचा सूर उतरतोय. मोबाइल ऐका ना जरा!" नवरीची बहीण म्हणाली.

"मंग हलद पन मोबाइललाच लावा," आत्याची मैत्रीण फणकारली. सगळ्या हसल्या.

आत्या हसली नाही. जात्याचा खुंटा सोडून मला म्हणाली, "पुस्तक खोटं कसं बोलंल, बाय? माजाच गला गेला. तुमी म्हना."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पुस्तिकेवर माझं नाव होतं.

नंतर एकेक गंधार उघडून मी तो आकडा भरला आणि चाल तिला ऐकवली. "हा, आसंच म्हनायचे मी," ती म्हणाली. म्हनायचे! त्यानंतर दोन हळदी झाल्या. ती जात्यापाशी बसते, गात नाही.

ती पुस्तिका तुमच्या घरी असेल तर शब्द ठेवा, स्वरांची पानं फाडून टाका. आणि आमच्या गावात हळदीला आलात, तर मोबाइल बंद करून आत्याला पहिली ओळ धरायला सांगा. मी सांगितलं की तिला वाटतं, पोर समजूत घालतेय. तुम्ही सांगा.