राहणार नागपूर

“हे ‘राहणार नागपूर’ कोणी लिहिलं? मी विचारतोय, कोणी लिहिलं?”

साहेबांचा आवाज केसपेपरच्या खोलीतून निघाला, बाहेरच्या रांगेवरून उडाला आणि माझ्या औषधाच्या खिडकीवर येऊन आदळला, तेव्हा मी खोकल्याचं औषध बाटलीत ओतत होतो. बाटली न हलवताच औषध ढवळून निघालं. रांगेतला एक ठार बहिरा म्हातारा शेजाऱ्याला ‘काय म्हणून राहिले साहेब?’ असं विचारू लागला, म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. आणि ज्याच्यावर हे सगळं चाललं होतं तो देवराव भोयर खाली मान घालून टाकाचं निब पुसत होता.

गेल्या महिन्यात देवरावचा मुलगा वसंता दारात सायकल टेकवून ‘काकाजी, बाबा गेले’ एवढंच म्हणाला, तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला साहेबांची ती वीस-बावीस वर्षांपूर्वीची आरोळी ऐकू आली. मित्र जातो आणि आधी आठवतो तो त्याच्यावर ओरडणारा माणूस... मनाचा काही नेम नाही.

आम्ही दोघं नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात नोकरीला होतो. तो केसपेपरच्या खिडकीत कारकून, मी समोरच्या खिडकीत कंपाउंडर. मधे रुग्णांची रांग, त्यामुळे जन्मभर आम्ही एकमेकांशी बोललो ते आजारी माणसांच्या डोक्यांवरून. मी थोडं वाढवून सांगतो असा माझा लौकिक आहे. देवराव म्हणायचा, “नानाच्या गोष्टीत अर्धं औषध अन् अर्धं पाणी. पण बाटली हालवून घेतली तर गुण येते.” तर वाचकांनीही बाटली हलवून घ्यावी.

देवराव मूळचा नागपूर जिल्ह्यातल्याच कुहीचा. घरी धानाची शेती, भाऊ ती करायचे, हा शिकला म्हणून इकडे आला. अक्षर असं, की त्याने लिहिलेला केसपेपर हातात पडला की अर्धा ताप तिथेच उतरायचा. ‘नाव? वय? राहणार?’ हे तीन प्रश्न त्याने दिवसातून इतक्या वेळा विचारले, की ते त्याच्या रक्तात भिनले. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसालाही तो आधी ‘राहणार?’ विचारायचा आणि मगच भातावर वरण घ्यायचा. मे महिन्यात एकदा उन्हाला कंटाळून एक वानर त्याच्या खिडकीत येऊन बसलं, तर त्याच्यासमोरही देवरावने टाक दौतीत बुडवला, असं मी सगळ्यांना सांगतो. देवरावचं म्हणणं, बुडवला नव्हता, नुसता उचलला होता.

हा ‘राहणार’ शब्द आम्हाला तसा नवाच. नागपूर मध्यप्रांतात होतं तेव्हाच्या छापील कागदांवर ‘निवासी’ असायचं. आम्ही महाराष्ट्रात आलो, मग मुंबईहून मराठी फॉर्मांचे गठ्ठे आले आणि त्यांवर ‘राहणार’ छापलेलं. देवराव पहिल्या दिवशी तो कागद उजेडाला धरून म्हणाला, “निवासी म्हणजे जो राहून राहिला तो. राहणार म्हणजे जो पुढं राहीन तो. सरकारनं भविष्य विचारलं गा, नाना.” मी हसलो आणि विसरलो. तो विसरला नाही. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या सर्व्हिस बुकात शेवटपर्यंत ‘राहणार कुही’ होतं. नागपुरात पाणी पिऊन त्याचे केस पिकले, मी म्हणायचो, “अरे, आता तरी नागपूर लिही.” तो म्हणायचा, “इथं मी कामाले आहो. राहणार कुहीचा.”

तर ती गोष्ट. बांगलादेश हे नाव तेव्हा जन्मायचं होतं, पूर्व पाकिस्तानातून माणसं येत होती आणि सरकार त्यांना रायपूरकडच्या छावणीत ठेवत होतं. छावणीचं कार्ड असेल तर रेशन, कार्ड असेल तर औषध. छावणी सोडून कोणी निघालं की कार्ड रद्द, आणि मग तो माणूस कोणाचाच नाही. मालती नावाची एक बाई आणि तिचा नवरा असेच निघालेले. नागपूरजवळ कन्हानला वीटभट्टीवर काम मिळतं असं कोणीतरी सांगितलं होतं म्हणे. नागपूर स्टेशनावर तिला कळा सुरू झाल्या. सकाळी दहाच्या रांगेत नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून ती देवरावच्या खिडकीशी उभी राहिली, तेव्हा पुढच्या बावीस जणांनी न सांगता वाट दिली. नागपूरच्या रांगेने आपणहून वाट दिल्याचा हा एकमेव प्रसंग मी पाहिला आहे, आणि यात पाण्याचा थेंब नाही.

“नाव?” देवरावने विचारलं. नवऱ्याने सांगितलं. “वय?” तेही सांगितलं. “राहणार?” नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. कुठलं गाव सांगावं? जे मागे राहिलं ते नकाशात दुसऱ्या देशात, जी छावणी सोडली तिचं नाव घ्यायची सोय नाही. देवरावने त्याच्या परीने सोपं करून बाईलाच विचारलं, “कुठं राहणार वं, बाई?” तिला मराठी कळायचं कारण नव्हतं. तिने खिडकीचा गज घट्ट धरला आणि म्हणाली, “एखानेइ थाकबो.”

“काय म्हणते?”

नवरा मोडक्या हिंदीत म्हणाला, “बोलती है, यहीं रहेगी.”

तिला एवढंच म्हणायचं असावं, की आता मला एक पाऊलही चालवत नाही. पण देवरावने विचारलं होतं भविष्य, आणि तिने उत्तर दिलं होतं भविष्यात. त्याने टाक बुडवला आणि त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : राहणार नागपूर.

पोट फाडून बाळंतपण करावं लागलं. मुलगी झाली. आईला ताप भरला. आणि तिसऱ्या दिवशी कागद तपासताना साहेबांनी ती आरोळी ठोकली, जिथून मी सुरुवात केली.

साहेब म्हणजे दवाखान्याचे मोठे डॉक्टर, पुण्याकडून बदलून आलेले, नियमाचे पक्के, पण वाईट माणूस नव्हे, हे आज मला लिहिलं पाहिजे. फुकटचा वॉर्ड जिल्ह्यातल्या गरिबांसाठी होता. बाहेरच्याने कार्ड दाखवावं म्हणजे बिल छावणीकडे जाईल, नाहीतर स्वतः पैसे भरावेत, नाहीतर खाट सोडावी. ओरडून झाल्यावर साहेब खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “भोयर, औषधं मला मोजून मिळतात. उद्या तुमच्या कुहीची बाळंतीण आली आणि पेनिसिलीन संपलेलं असलं, तर तिला कोण सांगणार? तुम्ही सांगाल?”

हा घाव वर्मी बसला. मी खिडकी बंद करून तिथे जाऊन उभा राहिलो होतो, मला देवरावचा चेहरा दिसत होता.

“ते खरं आहे, साहेब,” तो म्हणाला.

“मग? ही खोटी नोंद आहे. खोडा आणि सही करा. नाहीतर मला वर लिहावं लागेल, आणि वर लिहिलं की तुमची नोकरी राहत नाही.”

“खोटी काहून, साहेब? मी विचारलं ‘राहणार?’ बाई म्हणाली इथं राहीन. फॉर्म तुमचा, उत्तर तिचं. माझी फक्त शाई.”

“राहणार म्हणजे रहिवासी, भोयर.”

“आमच्याकडे भविष्यकाळ होते, साहेब.”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. पुण्याच्या माणसाला नागपुरात असे डोळे अधूनमधून मिटावे लागतात. “खोडा,” ते म्हणाले.

देवरावने ओळ खोडली, सही केली. म्हणजे संध्याकाळी ती बाई टाक्यांसकट, तापासकट, तीन दिवसांचं लेकरू घेऊन फाटकाबाहेर... मग देवरावने गठ्ठ्यातून एक कोरा केसपेपर ओढला, नीट साहेबांसमोर ठेवला आणि टाक बुडवला.

“आता काय?”

“लेकराचा केसपेपर राहिला होता.”

“बाळाला काय झालंय?”

“भूक लागते, साहेब.” तो लिहीत होता. नाव : मालतीची मुलगी. वय : तीन दिवस. मग थांबून त्याने वर पाहिलं. “राहणार काय लिहू? हिनं दुसरं गाव पाह्यलंच नाही.”

त्या काळी कायदाही तेच म्हणत होता, जो इथे जन्मला तो इथला, आणि साहेबांना कायदा पाठ होता. देवरावने ‘राहणार नागपूर’ लिहिलं, शाई वाळू दिली आणि शेवटचा रकाना भरला : पेशंटजवळ राहणारा नातेवाईक, एक. आई.

पेशंटजवळ एकच नातेवाईक राहू शकतो, असा बोर्ड साहेबांनीच वॉर्डाच्या दारावर लावला होता. त्यांनी तो कागद बराच वेळ वाचला. मग सही केली आणि खाली लाल शाईने शेरा मारला : ‘एकच’. म्हणून मालतीचा नवरा पंधरा दिवस अंगणातल्या कडुनिंबाखाली राहिला. साहेब जाता-येता त्याच्याकडे पाहायचे नाहीत, आणि साहेबांनी मुद्दाम न पाहणं ही त्या दवाखान्यात मोठी कृपा समजली जायची.

पुढचं काम माझं. आईच्या नावावर औषध नाही, म्हणून सगळं लेकराच्या कागदावर दिलं. माझी वही खरी मानली तर नागपुरातल्या त्या सहा पौंडांच्या मुलीने मोठ्या माणसाएवढी पेनिसिलीनची इंजेक्शनं सोसली, रक्तवाढीची आख्खी बाटली प्यायली, आणि बाराव्या दिवशी स्वतःच्या पोटाचे टाके काढून घेतले. वैद्यकशास्त्राने याची दखल घेतली नाही हे त्या शास्त्राचं दुर्दैव. सिस्टरबाईंनी विचारलं तर देवरावने उत्तर तयार ठेवलं होतं, “आईचं दूध लेकरू पेते, म्हणून लेकराचं औषध आई पेते.” सिस्टरबाईंनी विचारलंच नाही.

त्या महिन्यात नवा साठा यायच्या चार दिवस आधीच पेनिसिलीन संपलं. हे वाढवून सांगत नाही, कमी करूनही सांगता येत नाही. कुहीकडचा एक म्हातारा पाय सुजवून आला, मी खिडकीतून मान हलवली, आणि देवरावने ते पाहिलं. तो उठला. आपल्या खिडकीवर ‘थांबा’ची पाटी लावली, साहेबांच्या खोलीत गेला, चिठ्ठी घेऊन बाहेर आला आणि भर दुपारी सायकलवर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेला. दोन तासांनी उसनी इंजेक्शनं घेऊन परतला तेव्हा सदरा असा भिजला होता, की पिळला असता तर बादली भरली असती. म्हाताऱ्याला त्याने विचारलं नाही कुठचा राहणार. ते त्याला माहीत होतं. ते चारही दिवस तो रोज जात राहिला. मला एवढंच म्हणाला, “साहेब चुकीचे नव्हते गा, नाना.”

मालतीचा नवरा कन्हानला कामाला लागला. सहा वर्षांनी मालती मुलीचं बोट धरून खिडकीशी आली. शाळेत जन्माचा दाखला मागितला होता. मुलीचं नाव नीलिमा. देवरावने रजा टाकली, दाखला काढून दिला आणि शाळेपर्यंत गेला. बढाई मारायला कोणीतरी लागतं, म्हणून मीही गेलो. दाखला उलटसुलट करून हेडमास्तर म्हणाले, “ते ठीक, पण ही माणसं मुळात कुठली?” देवराव घसा साफ करत होता तोवर नीलिमाच म्हणाली, “मी इथलीच आहो. काहून?”

त्या अस्सल नागपुरी ‘काहून’नंतर हेडमास्तरांनी दुसरा कागद मागितला नाही. परतताना देवराव लेंडी तलावाच्या बाजूला एका झाडाखाली उभा राहून कितीतरी वेळ एकटाच हसत होता.

निवृत्त झाल्यावर तो कुहीला जाईल असं सगळे धरून चाललो होतो. त्याने नागपुरातच सक्करदऱ्याला दोन खोल्या बांधल्या होत्या. “आता जात नाही काय गावाले?” असं मी विचारायचो. “जाईन गा,” तो म्हणायचा. धान कापणी झाली की जाईन. उन्हाळा सरला की जाईन. शेवटचा भेटलो तेव्हा ओसरीवर पेपर वाचत बसला होता. नागरिकत्वाचा कायदा बदलल्याची बातमी होती, आता नुसतं इथे जन्मून भागणार नव्हतं. त्याने चष्मा कपाळावर सारला. “नाना, आता लेकराले आधी मायबापाचा कागद दाखवा लागीन.”

“मग?”

“मग काय... मी रिटायर झालो.” पेपरची घडी घालून तो आत चहा सांगायला गेला.

तेरवीला मालती आणि नीलिमा आल्या होत्या. नीलिमा आता कॉलेजात आहे. तिने पंगत वाढली आणि एका म्हाताऱ्याला ‘घ्या ना गा, लाजून काहून राहिले?’ म्हणून दटावलं. देवराव असता तर त्याने मला कोपराने ढोसलं असतं.

मग मी वसंताबरोबर मृत्यूची नोंद करायला गेलो. खिडकीत एक तरणा कारकून बसला होता, अक्षर बरं होतं. नाव विचारलं, वसंताने सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं. आता पुढचा प्रश्न येणार म्हणून मी आपणहून म्हणालो, “लिहा, राहणार...” आणि अडकलो. कुही म्हणावं की नागपूर? वसंता माझ्याकडे पाहू लागला. त्यालाही माहीत नव्हतं. मग मी त्या कारकुनाला सगळं सांगितलं, निवासी काय, राहणार काय, मालती, साहेब, लेकराचा कागद... वानरसुद्धा सांगितलं. मागची रांग थांबली होती. त्याने पेन खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवून म्हणाला,

“मयताच्या फॉर्मवर ‘राहणार’ नसते, काकाजी.”