काकडीचं टोक

घरामागे काकडी लावून बघा. काकड्या मिळोत न मिळोत, किस्से मात्र टोपलीभर मिळतात! आमच्या वराळ्याच्या घरामागे दहा बाय बाराचं प्लास्टिकचं हरितगृह आहे. शेजारपाजारचे त्याला 'तंबू' म्हणतात. पवनानगरला धरणाकाठच्या तंबूत लोक पैसे मोजून राहतात. माझ्या तंबूत रोप फुकटसुद्धा राहत नाही.

हा उद्योग हौसेचा नाही, आधीच सांगतो. नंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, घशाला रेडिएशन झालं. आजार बरा झाला, पण वास गेला आणि जिभेची चव गेली ती गेलीच. पुरणपोळी द्या नाहीतर मेथीची भाजी द्या, तिचं एकच, "ओला पुठ्ठा!" डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत येईल. वर्ष उलटलं. काकडी तेवढी खाते, घशाला गार वाटतं म्हणून. "घरची कोवळी मिळाली तर बरं," असं एकदा म्हणाली आणि मी कामाला लागलो.

पूर्वी काकडी चिरायची तिची पद्धत ठरलेली. देठाकडचं टोक कापायचं, तेच कापलेल्या जागी गोल गोल घासून पांढरा फेस काढायचा, मग एक चकती चाखायची. आता ती काकडी माझ्याकडे सरकवते. "तुम्हीच बघा कडू आहे का. मला काय कळतंय?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ओरडायचं कोणावर, ते मात्र कळत नाही.

*

पहिली रोपं मार्चमध्ये लावली. शेजारचे देसाई कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते, त्यांनी आत थर्मामीटर टांगला. वारा लागू नये म्हणून आम्ही दोघांनी प्लास्टिक चारी बाजूंनी घट्ट बंद केलं. दुपारी उघडलं तर रोपं शिजलेली!

देसाईंनी थर्मामीटर डोळ्याजवळ नेला.

"रीडिंग अगदी अचूक आहे हो!"

*

दुसऱ्या खेपेला वेल वर चढले, पिवळी फुलं आली. एका सकाळी बघतो तर निम्मी फुलं गायब. सापडली ती आमच्याच देव्हाऱ्यात. घरकामाला येणाऱ्या इंदुरीच्या हिराबाईंनी वाहिलेली.

"हिराबाई, अहो ती नर फुलं होती!"

"ठावं हाय की भाऊ. वांझुटी फुलं ती, त्यांला काकडी लागत न्हाई. म्हून देवाला दिली."

"पण त्यांच्याशिवाय दुसऱ्या फुलांना कशी लागणार?"

"माश्या हायेत की!"

"आत कुठल्या मधमाश्या? बाजूंचं प्लास्टिक काढून जाळी लावलीय, किडे येऊ नयेत म्हणून."

हिराबाईंनी जाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मंग काकडी बी यायची न्हाई!"

*

मग मधमाशीचं काम मीच घेतलं. सकाळी सकाळी रंगाचा ब्रश घेऊन या फुलातून त्या फुलात. देसाईंनी कुंपणावरून विचारलं, "हे काय चाललंय?"

"लग्न लावतोय!"

"मग आहेर कुणाकडे द्यायचा?"

दारात उभी असलेली नंदा हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. तीन काकड्या धरल्या. आठवड्यात तिन्ही पिवळ्या पडून गळाल्या.

*

पावसाळ्यात पानांवर भुरी आली, पीठ शिंपडल्यासारखी. लोणावळ्याचा एक नर्सरीवाला म्हणाला, आंबलेलं ताक पाण्यात घालून फवारा. मी तांब्याभर ताक चार दिवस ओट्यावर आंबवलं. वासानं हिराबाई नाकाला पदर लावून भांडी घासायच्या.

पाचव्या दिवशी पंप भरायला गेलो तर तांब्या रिकामा.

"आज ताक छान पातळ केलंत हो," नंदा म्हणाली. "सगळं प्यायले."

हिराबाई मोरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी पंप अंगणात आपटला. त्याचं हँडल अजून मोडकं आहे.

*

शेवटी एकच वेल उरला, त्यावर एकच काकडी. वीतभर झाली आणि नेमकं तपासणीसाठी तीन दिवस पुण्याला राहायला लागलं. पाण्याचं देसाईंवर सोपवलं. डॉक्टर यावेळी म्हणाले, "चवीची आता फार आशा धरू नका."

घरी आलो तर वेल मान टाकून पडलेला. देसाईंनी मोटर टायमरवर टाकली होती आणि तीनही दिवस लाइट नव्हती. हिराबाईंनी पान चुरगाळून बघितलं.

"पान्याचा लय ताण पडला, भाऊ. अशी काकडी कडवट व्हती."

"होऊ दे! हाताला लागली एवढं पुष्कळ झालं," मी खेकसलो.

ती तोडली. देसाई आणि हिराबाई दोघंही स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. घाईघाईत धुतली, चकत्या केल्या, मीठ भुरभुरवलं आणि बशी नंदापुढे ठेवली. तिनं एक चकती तोंडात टाकली. चावली. चावता चावता थांबली. तोंड वेडंवाकडं केलं आणि बशी माझ्याकडे ढकलली.

"अहो, टोक घासलं नाहीत का? कडूजहर आहे ही!"