राघूला कंठी फुटेना

मैत्रिणींनो, आज सकाळी माझी चांगलीच फजिती झाली.

राज्य खालसा झालं, राजवाड्यातल्या नोकऱ्या गेल्या आणि तुम्ही सगळ्या तंजावूर सोडून पांगलात. आमचे हे तर त्याआधीच गेले. मग मी पोपटाचं पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं राघू. गळ्याभोवती कंठी उमटली की पोपट बोलतो, असं आपल्याकडे म्हणतात ना? रोज मिरची भरवायची, मान निरखायची आणि एकच शब्द शिकवायचा. वर्षं गेली, कंठी काही फुटेना.

सगुणे, तुझ्या घरात आता एक तमिळ कुटुंब राहतं. त्यातली बाई आज विरजण मागायला आली. पिंजऱ्याकडे एकदाच बघून हसली आणि म्हणाली, "अम्मा, ही मादी आहे. हिला कंठी कधीच येणार नाही."

मीही हसले. ती गेल्यावर मात्र पिंजऱ्यापाशी बसून राहिले.

काय शिकवत होते, सांगू? "गोदू." माझंच नाव. इथे मी सगळ्यांची अम्मा आहे, गोदू कुणाचीच नाही.

तुम्हाला तिकडे नावाने कोण हाक मारतं गं?