दोस्ताच्या दाराला लावलेला कान

रशीदभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, शबानाने, सकाळीच केला. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "मॅडम, अब्बा गेले... झोपेतच," एवढंच ती बोलली. मी गॅस बंद केला, खुर्चीवर बसले आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. मरणाची बातमी ऐकून असं वाटू नये, एवढं मलाही कळतं. पण हा माणूस काही वर्षांपूर्वी गेला असता तर छातीवर धोंडा घेऊन गेला असता. आता झोपेत गेला. ज्याला झोपच लागत नव्हती, तो झोपेत गेला... मग मात्र रडले, भरपूर रडले, आणि दूध तसंच राहिलं.

पुढे जाण्याआधी एक सांगून टाकते. रशीदभाई हे त्यांचं खरं नाव नाही. ज्याच्या आठवणी लिहायच्या त्याचंच नाव बदलायचं, असला लेख मीही आजवर वाचलेला नाही. पण त्यांची अटच तशी होती. "मी मेल्यावर लिहा, मॅडम. देशाचं नाव नाही, त्या परदेशी पाहुण्याचं नाही, माझं नाही. बाकी सारं लिहा." मी म्हटलं, मग उरलं काय? तर म्हणाले, "मी उरलो ना." शबाना आणि रशीदभाईंचा धाकटा भाऊ युसूफ, ही नावंही मीच दिलेली. आणि पाहुण्याची भाषा फारसी असली, तरी फारसी बोलणारे देश एकाहून जास्त आहेत, तेव्हा वाचकांनी उगाच डोकं खाजवत बसू नये.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. माझी स्कूटर जन्माची आजारी, त्यामुळे लोहारा रोडवरच्या युसूफच्या गॅरेजात माझ्या चकरा ठरलेल्या. तिथल्या बाकड्यावर एक दिवस युसूफचे थोरले भाऊ, म्हणजे रशीदभाई, दिसले, पांढरेशुभ्र कपडे घातलेले, पुढ्यात चार पेपर. घराणं मूळचं नेरचं, सगळे मेकॅनिक. हा एकच पोरगा पुस्तकाकडे वळला. मौलवी मामाने फारसी शिकवली, पुढे दिल्लीत सरकारी नोकरी लागली ती थेट निवृत्तीपर्यंत. काय काम करायचे, असं विचारलं की म्हणायचे, "तरजुमा. अनुवाद हो." मला वाटायचं, बसत असतील बिचारे जुन्या फायली उलटत.

तेव्हा बातमी गाजत होती. कुठल्याशा बड्या देशाने आपल्याच दोस्त देशाच्या प्रमुखाचा फोन चोरून ऐकला होता. मी तावातावाने सुरू झाले. मित्राच्या घरी पंगतीला बसायचं, त्याच्या हातची पोळी खायची आणि उठून त्याच्याच दाराला कान लावायचा, ही काय रीत झाली? मला वाटलं होतं रशीदभाई मान हलवतील. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, दुश्मन काय करणार हे तर साऱ्यायले माहीत असते. धोका दोस्ताचाच. तो उद्या हात सोडून देईन का, हे कसं समजणार?"

"त्यालाच विचारायचं!"

"विचारलं का कोणी हो म्हंते? दोस्त तोंडावर खोटं बोलते, दुश्मनापेक्षा जास्त बोलते. लाजेखातर."

असा आमचा वाद महिनोन्‌महिने चालला. युसूफ गाडीखालून ओरडायचा, "तुमच्या दोघायच्या भांडणानं राज्य बदलणार हाय का? चहा घ्या, थंडा होऊन राह्यला." मला मजा यायची. वर्गात पोरं एवढा वाद घालत नव्हती. पण एकदा मी म्हणून गेले, "बरं, देशाचं राहू द्या. पण तो हेडफोन लावून बसणारा माणूस? दुसऱ्याच्या घरातलं ऐकून त्याला झोप कशी लागत असेल हो?" रशीदभाईंनी कप खाली ठेवला आणि उठून गेले. पुढे कितीतरी दिवस बाकडं रिकामं. मी युसूफला विचारलं, तर तो हात पुसत म्हणाला, "भाईजान दिल्लीहून आल्यापासून झोपतेच कुठं, मॅडम? पहाटे पहा तं अंगणात." तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. राज्यशास्त्राची प्राध्यापक!

मग लोहाऱ्याचा तो दिवस आला. तिथल्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा सुताचा कारखाना आहे. त्याने सकाळी फोन केला. परदेशी पाहुणा सूत बघायला येतोय, आधी तिकडे मंत्री होता, आता व्यापार करतो, आणि त्याचा दुभाषा नागपुरातच आजारी पडलाय. "मॅडम, फारसी येणारं कोणी मिळते का हो जिल्ह्यात?" मी रशीदभाईंना उचललंच. ते राग विसरून खूश. पेटीतली शेरवानी काढली, अत्तर लावलं, रिक्षात गुणगुणत होते.

पाहुण्यांची गाडी फाटकात थांबली. उतरता उतरता ते ड्रायव्हरला काहीतरी बोलले आणि रशीदभाईंनी माझं मनगट धरलं. "काय झालं? बीपी वाढलं का?" तर म्हणाले, "फोटोतला चेहरा पार बदलला... आवाज तोच हाय." मला काही कळलं नाही. तोवर हार, नारळ, फोटो सुरू झाले होते.

जेवणानंतर पाहुण्यांनी कामगारांसमोर चार शब्द बोलायचं ठरलं. ते एक वाक्य बोलणार, रशीदभाई हिंदीत सांगणार. छान चाललं होतं. पाहुणे बोलता बोलता आईवर आले. मंत्री झालो त्या दिवशी आईचा गावाहून फोन आला, म्हणाले, आणि गोष्ट रंगवायला क्षणभर थांबले. रशीदभाई थांबले नाहीत. "आईनं विचारलं, आता तरी तुले कोणी वेळेवर जेवाले देते का? मी म्हटलं, अम्मी, आता मीच साऱ्या देशाले जेवाले देणार. तं आई म्हणाली, मंग तं तू उपाशीच मरशीन!" हिंदी सोडून ते चक्क वऱ्हाडीवर आले होते. सगळा हॉल खदखदून हसला.

आणि पाहुण्यांनी अजून गोष्ट सांगितलीच नव्हती.

असली चूक दुसरा कुठलाही दुभाषा करूच शकत नाही. ती करायला ते बोलणं आधी ऐकलेलं असावं लागतं. पाहुण्यांना हिंदी येत नव्हती, पण हसू तर कळतं ना? ते वळले आणि त्यांनी रशीदभाईंना हळूच काहीतरी विचारलं. रशीदभाईंना खोटं बोलता आलं असतं. सारी नोकरी तोंड मिटून केलेला माणूस, शपथ घेतलेला. त्यांनी मान खाली घातली आणि एकच शब्द बोलले. फारसी मला येत नाही, पण 'हो' कुठल्याही भाषेत ओळखू येतं.

आता हा पाहुणा ओरडणार, तक्रार करणार, या वयात या माणसाच्या पेन्शनचं, अब्रूचं मातेरं होणार, आणि त्याला इथे मीच घेऊन आले! पण पाहुण्यांनी त्यांचा दंड धरला आणि गोदामामागच्या कडुलिंबाखाली नेलं. आम्ही सगळे लांब. थोड्या वेळाने पाहते तर काय, शेरवानीतले रशीदभाई हातवारे करत, बारीक, चिरक्या, म्हाताऱ्या बाईच्या आवाजात बोलताहेत आणि तो मोठा माणूस तोंडाला रुमाल लावून ढसाढसा रडतोय. मधेच हसतोय, परत रडतोय. कारखान्यातल्या बायका काम सोडून बघत राहिल्या.

परतताना रिक्षात त्यांनी मला सगळं सांगितलं. वर्षानुवर्षं पाहुण्यांच्या घराचा फोन ऐकायचं काम त्यांच्याकडे होतं. कामाचा नियम असा की घरगुती बोलणं लागलं की हेडफोन काढून ठेवायचे. शुक्रवारी त्या म्हातारीचा फोन यायचा आणि रशीदभाई हेडफोन काढायचे नाहीत. "माही माय नेरात, मॅडम. घरी फोन नाही. समोरच्या दुकानात बोलावत होते तिले, तं ती लोकायसमोर लाजे. 'बरा हाय ना' म्हणे अन् ठेवून दे. मंग मी त्याची माय आयकत होतो..." त्यांची आई गेली तेव्हा ते दिल्लीतच होते. दफनाला पोचले नाहीत.

"त्यांना हे सांगितलंत?"

"सारं सांगितलं. ते म्हणे, तुमच्या दिल्लीतलं बोलणं माह्याही टेबलावर येत होतं, त्याचा राग नाही, पण मायचा फोन काहून आयकला? मी कारण सांगितलं. मंग म्हणे, तिचा आवाज आमच्याकडं कुठंच नाही, घरच्यायले आता काही आठवत नाही. तुले काय आठवते, सांग." मग त्यांनी सांगितलं होतं. खोकला कसा काढायची, शेजारणीवर जर्दाळू चोरल्याचा आळ कसा घ्यायची, 'खुदा हाफिज' तीनदा म्हणूनही फोन कसा ठेवायची नाही.

त्यानंतर रशीदभाई झोपायला लागले. दुपारीसुद्धा! मी गॅरेजात गेले की युसूफ तोंडावर बोट ठेवायचा. वाद मात्र आम्ही सोडला नाही. माझं मत आजही तेच आहे, दोस्ताच्या दाराला कान लावू नये. सरकारांना हे पटणार नाही, कालही पटलं नव्हतं. रशीदभाईंनीही आपलं मत बदललं नाही, फक्त शेवटी शेवटी ते पुस्ती जोडायचे, "देशाचं आयका. मायचं नका आयकू."

शेवटची भेट दवाखान्यातून घरी आणल्यावर झाली. खोली लहान, खिडकी गॅरेजकडे, पान्ह्यांची खणखण चाललेली. उशाला टेकून बसले होते. एकदम म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या दिवशी इचारलं होतं ना, त्याले झोप कशी लागते म्हणून. आता खरं सांगा. मी चोर का?"

खोटं बोलले असते तर लगेच ओळखलं असतं, जन्मभर लोकांचं खरंखोटं ओळखायचंच तर काम केलं होतं त्यांनी. म्हटलं, "होतात. पण माल मालकाला परत केलात."

ते एवढे हसले की शबाना पाणी घेऊन धावत आली.

ते गेल्यानंतर काही दिवसांनी मी त्याच खोलीत बसले होते. परदेशातून फोन आला. पाहुणेच. दुभाषा आता नाही, म्हणून रशीदभाईंकडूनच फोनवर शिकलेल्या मोडक्यातोडक्या उर्दूत विचारत होते, अब्बा कसे बोलायचे, कशावर चिडायचे, सांग ना बेटी. शबाना सांगायला लागली आणि बोलता बोलता तिचा आवाज चढला. फोन स्पीकरवर होता. खिडकीबाहेर युसूफचं काम थांबलं, गिऱ्हाईकंही उभी राहिली. तिच्या ते लक्षात आलं. फोनवर हात ठेवून तिने मला विचारलं, "मॅडम, आवाज कमी करू का? सारे आयकून राह्यले."

मी म्हटलं, "कायले? आयकू दे."