फौज घेऊन गेला आणि जेवून आला

तानुबाईला वाचता येत नव्हतं आणि सुनंदाबाईंना अर्थ लागत नव्हता. या दोन उणिवा एकमेकींना भेटल्या म्हणून तर दोंडाईच्याजवळच्या त्या गावात दर श्रावणात मारुतीच्या ओट्यावर पोथी सुरू व्हायची. दिवाबत्ती झाली की बायका जमायच्या. सुनंदाबाई चष्मा नाकावर सरकवून गोड चालीत चार ओव्या म्हणायच्या आणि थांबायच्या. पोथीतली मराठी जुन्या वळणाची, बायकांच्या डोक्यावरून जाणारी. मग तानुबाई पदर सावरून ती गावच्या अहिराणीत आणायची, आणि आणता आणता वाटेतली दोन-चार घरंही सोबत घ्यायची.

"राजाले दोन राण्या व्हत्या. एक आवडती, एक नावडती. नावडती काबर? तर ती खरं बोले. आपला गावमा बी शेतच की अश्या..."

असं तिने म्हटलं की सगळ्या बायका एका विशिष्ट बाईकडे बघायचं कटाक्षाने टाळायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या.

धाकट्या भावंडांना कडेवर घेण्यात तानुबाईची शाळा राहिली होती. पण वडलांना पोथीचा नाद. ते पोरीला मांडीवर घेऊन ऐकायला बसायचे, त्यामुळे डोळ्यांना जे मिळालं नाही ते कानांना मिळालं. लग्न होऊन या गावात आली, सासू-सासरे, नवरा, कपाशी, म्हशी, सगळं पार पडलं. मुलगी सासरी गेली, नवरा गेला. मुलगा अमृत दोंडाईच्याला बी-बियाण्यांचं दुकान चालवायला लागला, सून ज्योती अंगणवाडीत. घरात तानुबाईचं कोणी ऐकत नव्हतं असं नाही. पण घरात ऐकून घेतात ते "भाजीत मीठ टाकलंय", "गॅस बंद कर" एवढंच. ओट्यावर तिने तोंड उघडलं की माणसं पुढे सरकून बसायची. श्रावण महिना तिला वर्षभर पुरायचा.

नात दिपमाला धुळ्याला फार्मसी शिकत होती आणि शनिवार-रविवार घरी यायची. तिला आजीची चेष्टा केल्याशिवाय चैन पडायचं नाही.

"आजी, तू म्हणतेस पोथीत सगळं आहे. मोबाईल आहे का?"

"शे ना. एक राणी जादूना आरसामा दूरदूरनी गावं देखत बठे. आनि तिनं चूलवरलं दूध उतू जाय."

"हे खरंच आहे पोथीत?"

"तू गॅसवर दूध ठेयेल शे, ते पहिले देख."

दिपमाला धावली. दूध खरंच वर आलं होतं.

यंदा मात्र पंचाईत झाली. गावच्या पोथीला वाळवी लागली, नुसता भुगा हाती आला. तेव्हा देवळाची व्यवस्था बघणाऱ्या रुपचंद आबांनी आपल्या घरातली एक पोथी आणून दिली. सुट्या पानांची, दोन फळ्यांच्या मध्ये लाल फडक्यात बांधलेली. त्यांच्या आजोबांनंतर ती कोणी उघडलीच नव्हती. तिच्यात कुठला राजा, कुठली राणी, कोणालाच ठाऊक नव्हतं.

ही संधी पुष्पाबाईंनी बरोबर साधली. पुष्पाबाई भजनी मंडळाच्या प्रमुख. मंडळाला एकरंगी साड्या त्यांनीच आणल्या होत्या.

"जुनी पोथी तानुअक्काले पाठ व्हती, ती गोष्ट अलग," त्या भर ओट्यावर म्हणाल्या. "पन नवी पोथी, तिना अर्थ जानकारनी सांगाले जोयजे. पुढला वरीसथीन धुळाथून महाराज बलावू. माईक लावू. या वरीसले अक्का सांगोत बापडी. समाप्तीले ठरावू मंग."

'बापडी' हा शब्द तानुबाईला लागला. तरी ती मानेला झटका देऊन म्हणाली, "नवी पोथी काय आनि जुनी काय! मानसं तर तीच ना?"

पोथी घेऊन घरी आल्यावर तिने नातीला सांगितलं, "माय, त्या पानेसले कुबट वास मारी राहीना. जरा ऊन दाखाड."

दिपमालाने गच्चीवर खाटेवर पानं पसरली. मग मैत्रिणीचा फोन आला. मग वारा सुटला. भिंतीच्या आडोशाची पहिली पानं तेवढी जागच्या जागी राहिली, बाकीची गच्चीभर पळाली, एक तर शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या परकरावर जाऊन बसलं. दिपमालाने सगळी गोळा केली, गठ्ठा खाटेवर आपटून कडा सारख्या केल्या, आत कडुनिंबाचा पाला घातला आणि फडकं बांधून टाकलं.

पोथी सुरू झाली. पहिले काही दिवस झकास गेले. एक राजा होता, त्याचा धाकटा भाऊ होता, आणि वडलांनी लावलेली एक आमराई होती. आमराई कोणाची यावरून दोघांचं वाजलं. गावात असं एकही घर नव्हतं ज्याला ही गोष्ट आपली वाटली नाही. राजा भडकला, फौज घेऊन भावाच्या नगरावर चालून निघाला. हत्ती, घोडे, नगारे. सुनंदाबाईंनी ठेक्यात वाचलं, पान उलटलं आणि त्याच ठेक्यात पुढे वाचत गेल्या. दारी पाय धुतले, पाटावर बसवलं, केळीच्या पानावर सोळा पक्वान्नं वाढली, दोघांच्या डोळ्यांना पाणी आलं.

सुनंदाबाई थांबल्या. तानुबाईही क्षणभर थांबली. हत्तीघोड्यांवरून एकदम पाटावर? पण समोर सगळ्या तोंडं उघडी टाकून बसल्या होत्या, आणि पुष्पाबाईंनी भुवई वर केली होती.

"देखा," तानुबाई म्हणाली, "फौज लई ग्या व्हता, बरं! तलवार उपसेल व्हती. पन भाऊना दार दिखनं, आनि त्याले याद ऊनं की आठे मनी मायना हातनी रांगोळी ऱ्हाये. पाय ढिला पडना. भाऊ म्हने, येवढा लांबथून ऊना, उपाशी व्हशी. झगडा मंग करू, पहिले जेव. फौज लई ग्या आनि जेवीसन ऊना! आते जेवनानंतर कोनले झगडाले व्हस? झोप येस मानूसले."

ओटा हसून हसून लोळला. हसता हसता दोघी-तिघींनी डोळेही पुसले. पुष्पाबाई मात्र हसल्या नाहीत. गुडघ्यावर हनुवटी टेकून बसून राहिल्या आणि आरतीलाही न थांबता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पोथीऐवजी मारुतीचं नुसतं भजन होतं; त्यालाही त्या आल्याच नाहीत. महाराज ठरवायला धुळ्याला गेल्या असणार, असं तानुबाईने मनाशी पक्कं केलं.

रविवारी दिपमाला पोथीचं फडकं धुवायला काढत होती, तेव्हा तिचं लक्ष पानांच्या कडेला गेलं. तिथे बारीक आकडे होते. बाविसाव्या पानानंतर एकोणचाळिसावं आलं होतं, आणि तेविसावं पार तळाशी होतं. ती आधी खूप हसली आणि मग पानं घेऊन आजीकडे गेली.

"आजी, एक सांगू? रागवू नकोस."

तानुबाईने ऐकलं.

"मंग भाऊना घर राजा जेवनाच नही?"

"ते कोणीतरी दुसरंच जेवत होतं गं. पुढच्या अध्यायातलं." दिपमालाने आजीचा चेहरा पाहिला. "तू कशाला घाबरतेस? कोणाला कळलंय? मी पानं नीट लावते. आजपासून बरोबर. तसंही, आजी, तू कशाचाही अर्थ छानच सांगशील. किराणा दुकानाच्या पाटीचासुद्धा."

ते कौतुक होतं, पण तानुबाईला ते टोचलं. किराणा दुकानाच्या पाटीचाही अर्थ निघत असेल, तर मग आपण इतकी वर्षं काय केलं? पोथी सांगितली की आपल्याच मनचं बोललो? वडलांच्या मांडीवर बसून ऐकलेलं ते काय होतं? तिने भाकरीचं पीठ मळलं ते इतकं सैल झालं की ज्योतीने परात ओढून घेतली. "सासूबाई, तब्येत बरी आहे ना?"

संध्याकाळी ओटा भरला. पुष्पाबाईही आल्या होत्या. गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं, आणि बोललं तर ओट्यावरची जागा आजच गेली असती. सुनंदाबाईंनी चष्मा लावला, तशी तानुबाईने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पहिले माले बोलू द्या. पानं उलटीसुलटी लागेल व्हतीत. माले उमगनं नही. राजा जेवाले गया, ते पोथीमा नही शे. ते मी मना मनथीन सांगं. चुकनू."

दिपमाला मागून म्हणाली, "पानं मी चुकवली." पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे पुष्पाबाईंकडे बघत होते.

"पोथीमा नही शे?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"नही, बहिन."

"मंग आते मी काय करू?" पुष्पाबाईंचा आवाज चढला. "पारोळानी मनी बहिन. तिनी पोरना लगीननी पत्रिकामा मनं नाव छापं नही म्हनीसन मी तिनासंगे बोलनं टाकं व्हतं. तुम्ही फौजनं सांगं, आनि मी रातभर इचार करा. सकाळे पुरनना मांडा लिसन पारोळाले गयू. माले म्हने, पत्रिका छापनाराले दोन ओळी जास्त व्हयन्यात, त्यानी तुनं नाव काढी टाकं, मी सोता रडनू. आम्ही दोन्ही रडनूत आनि जेवनूत. आते तुम्ही म्हनतस पान चुकनं! मंग काय मी परत जाईसन तिनासंगे अबोला धरू?"

आधी रुपचंद आबांना हसू फुटलं. मग सुनंदाबाईंना. मग ओट्यावर असा काही गलका झाला की देवळासमोरची शेळी दावं तोडून पळाली. एकजण म्हणाली, "धरा ना अबोला, मांडा वापस मांगी ल्या!" दुसरी म्हणाली, "तुम्ही फौज नेली नाहीत हे पारोळ्याचं नशीब!"

"चूप!" पुष्पाबाई डोळे पुसत ओरडल्या. "सुनंदाबाई, खरं पान वाचा. माले आयकनं शे तो राजा काय करस ते."

सुनंदाबाईंनी तेविसावं पान वाचलं. तानुबाई म्हणाली, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच तानुबाईने ओव्यांच्या आणि आपल्या बोलण्याच्या मध्ये थोडी जागा सोडली. मग हळूहळू सांगायला लागली. राजाने नगराला वेढा दिला. भाऊ म्हणाला, त्याने आत यावं. राजा म्हणाला, त्याने बाहेर यावं. बारा वर्षं कोणी हललं नाही. आमराईला पाणी घालायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. भाऊ आतच वारला. राजाला दार उघडं मिळालं, पण पाटावर बसवणारं कोणी उरलं नव्हतं. आमराई वाळून कोळसा झाली होती.

यात तानुबाईने गावातलं एकही घर घातलं नाही. गरज पडली नाही.

पुष्पाबाईंनी लांब श्वास सोडला. "माय व माय! बरं व्हयनं पान चुकनं. हाई पहिले आयकतू, तर मीबी वाट देखत बठी ऱ्हातू, ती कवय येस म्हनीसन."

"नही," तानुबाई म्हणाली. "हाई आयकीसनबी तू गयीच ऱ्हाती. जराशी रडत गयी ऱ्हाती, इतलंच."

"आनि महाराजनं काय?" रुपचंद आबांनी मागून काडी टाकली. "धुळाले फोन करू का?"

"करा ना," पुष्पाबाई म्हणाल्या. "समाप्तीना कीर्तनले बलावा. अर्थ अक्काच सांगी. फक्त पानं ही पोर मोजी." त्यांनी दिपमालाला दंडाला धरून पुढे ओढलं आणि सुनंदाबाईंच्या शेजारी बसवलं. दिपमाला हसत मांडी घालून बसली आणि बोट लावून आकडे बघायला लागली.

पोथी पुढे सरकली. आणि समाप्तीच्या आदल्या संध्याकाळी एकोणचाळिसावं पान आपल्या खऱ्या जागी आलं. एक ऋषी होता, त्याचा जावई पहिल्यांदा घरी आला होता. सुनंदाबाईंनी ठेक्यात वाचलं. दारी पाय धुतले, पाटावर बसवलं, केळीच्या पानावर सोळा पक्वान्नं...

"हाऊ अर्थ आमले मालूम शे!" ओटा एका आवाजात ओरडला.

"तो पारोळाले खपी गया," पुष्पाबाई म्हणाल्या. "अक्का, आते नवा काढा. जावाईना."

तानुबाईने पदर सावरला. आपला जावई मागल्या दिवाळीला वरण-बट्टी खाऊन तूप कमी पडलं म्हणाला होता, ते तिला आठवलं.

"एक सासरा व्हता," तिने सुरुवात केली. "आनि तो, बापडा, ऋषी व्हता, तरी बी जावाईले घाबरे..."